वडधरीच्या दगडाचं नाव

कोलकाता, १२ जानेवारी २०२४

मोठेबाबा,

नमस्कार. टपालानं माझं पत्र आलेलं पाहून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण मागच्या वेळी तुम्हाला ऐकू येईना म्हणून मोठीआई मधे बोलत राहिली आणि माझं सांगणं तुमच्यापर्यंत भलतंच होऊन पोचलं. हे नीट पोचायला हवं, म्हणून लिहिते आहे.

बाबा गेल्यावर आपण आदिलाबादचं दुकान रिकामं केलं, तेव्हा रद्दी उडू नये म्हणून तिच्यावर ठेवलेला काळा दगड मी बॅगेत टाकून आणला होता. मुठीएवढा. बाबा सांगायचे, हा दादानं, म्हणजे तुम्ही, वडधरीच्या मॅंगनीजच्या खाणीतून आणलेला. मी आठवण म्हणून आणला, खनिजं तपासणं हा माझा धंदा आहे म्हणून नव्हे. एक दिवस सहज भिंगाखाली धरला तर एका भेगेत जांभळट-लाल सुया दिसल्या, केसाहून बारीक. आधी वाटलं, ओळखीचंच काही असेल. दोन वर्षं तपासलं. संस्थेतल्या दोघा सहकाऱ्यांनीही तपासलं. मोठेबाबा, हे खनिज जगात आजवर कुणी नोंदवलेलं नाही.

नव्या खनिजाचं नाव सुचवण्याचा हक्क ते शोधून काढणाऱ्यांना मिळतो. स्वतःचं नाव मात्र देता येत नाही. मला तुमचं द्यायचं आहे. खनिजाच्या नावाच्या शेवटी बहुतेक वेळा 'आइट' लावतात, म्हणजे 'बाबारावाइट' असं काहीसं होईल. ऐकायला विचित्र वाटतं, पण अशी शेकडो नावं आहेत.

दगड खाणीत नेमका कुठं आणि कधी मिळाला, ते आठवेल तसं लिहून पाठवा. आणि नाव मंजूर होईपर्यंत कुणाला सांगू नका, तसा नियम आहे.

तुमची
हर्षाली


तामसी, २४ जानेवारी २०२४

हर्षाली बाई,

तुहं पत्र परवा भेटलं. पोस्टमननं दस्तखत मागितली तं तुही मोठीआई भ्यायली, कायचा सरकारी कागद आला म्हणून. म्या दोनदा वाचलं. तुहा बाप सुरेंद्र असता तं दुकानाच्या पायरीवर बसून अर्ध्या बाजाराले वाचून दाखवलं असतं त्यानं.

दगड मले आठवते. वडधरीच्या खाणीतलाच हाय. उत्तरेच्या भिंतीपाशी भेटला, १९८६ साली, एप्रिल महिना होता. म्याच हातोडीनं फोडला. आत लाल चमकलं म्हणून वेगळा ठेवला. साहेबाले दाखवाचा होता, थे राहून गेलं. मंग सुरेंद्रले देऊन टाकला.

नावाचं म्हणशील तं माहं नको. गावाचं दे. वडधरी हाय, तामसी हाय, नाहीतं आदिलाबाद हाय. मी कोन? टोळीचा मेट होतो. मजुरांवर नजर ठेवाची अन् सुरुंगाले बत्ती द्याची, एवढंच काम. त्या सुरुंगानंच कान गेले. माह्यासारख्याचं नाव दगडाले देऊन काय करतं?

दगड तुह्याजवळ हाय हे बरं झालं. मोठीआई म्हणते पोरीनं थंडीत सांभाळून राहावं.

तुहा मोठेबाबा
बाबाराव


कोलकाता, ५ फेब्रुवारी २०२४

मोठेबाबा,

तुम्ही संकोच करणार हे मला ठाऊक होतं. लहानपणी आम्ही तुमच्या पाया पडायला वाकलो तरी तुम्ही दोन पावलं मागं सरकायचात.

गावाचं नाव देता येतं. मध्य प्रदेशातल्या सितापार गावाच्या नावावरून एका खनिजाला 'सितापाराइट' म्हटलं होतं. पुढं लक्षात आलं की ते दुसऱ्याच एका आधीच्या खनिजासारखं आहे, आणि गावाचं नाव यादीतून गेलं. काही नावं गुणावरून पडतात. तुमच्या खाणीतलं काजळासारखं मऊ खनिज 'पायरोलुसाइट', म्हणजे आगीनं धुणारं. काच तापवताना तिचा रंग घालवायला वापरायचे म्हणून. आणि बाकीची माणसांची. झाबुआच्या मॅंगनीज खाणीत सापडलेल्याला 'हॉलंडाइट' म्हणतात, भूगर्भ खात्याच्या एका इंग्रज प्रमुखावरून. मी आमच्या शाखेतली नावं चाळत बसले होते. साहेब आहेत, प्राध्यापक आहेत, दगड जमवणारे हौशी श्रीमंत आहेत. ज्यानं दगड खणून वर काढला तो मजूर मला तरी त्यात सापडला नाही. म्हणून तुमचं नाव हवं आहे. हा माझा लाड नाही.

जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची लेखी संमती लागते. कागद सोबत आहे. खाली सही करा. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांची समिती मत देते, तेव्हा कुठं नाव पक्कं होतं.

खाणीत काम कसं चालायचं, कोण काय करायचं, तेही लिहा. अर्जात दगडाची हकीकत द्यावी लागते. दुसऱ्या एका देशातही असाच दगड तपासला जातो आहे असं कानावर आलंय. जो आधी अर्ज करील त्याचं नाव लागेल. मार्चअखेर आमचा अर्ज गेला पाहिजे.

हर्षाली


तामसी, १९ फेब्रुवारी २०२४

हर्षाली बाई,

कागदावर दस्तखत करून पाठवून राह्यलो. आठ दिवस केली नव्हती. पण तुह्या मोठीआईनं पत्र वाचून घेतलं शेजारच्या मास्तरकडून, अन् तू नको म्हटलं तरी गल्लीत झालंच. आता गावातल्या दुकानावर गेलो का लोक हात जोडतात. बाबारावचं नाव दुनियेत चाललं म्हणतात. मोठीआई म्हणे, सुरेंद्रच्या पोरीनं मान देल्ला अन् तुमी नाही म्हणता, काऊन? केली दस्तखत.

खाण म्हणजे मोठा खड्डा, बाजूनं पायऱ्या पायऱ्या. आमी माणसं भोकं पाडू, सुरुंग लावू, ट्रक भरू. फोडाचं अन् निवडाचं काम बायांचं. वीस-बावीस बाया लाइनीत बसत, हातात लहान हातोडी. चारी अंगानं टकटक करून माती-गोटा झाडून टाकत अन् माल एकीकडं. कोनता माल चांगला हे त्याईले वजनावरून कळे. काळा मऊ माल त्याले 'काजळ', टणक असला तं 'लोखंड्या'. साहेबाच्या कागदात वेगळीच नावं राहत. माणसाईनं हातोडी धरली तं बाया हसत, तुमचं काम नाही म्हणत.

खाण १९८८ मंधी बंद झाली. आता पाणी साचलं हाय.

बाबाराव


कोलकाता, ४ मार्च २०२४

मोठेबाबा,

संमतीचा कागद मिळाला. मोठीआईचे आभार.

तुमचं पत्र मी सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. बायांनी ठेवलेली नावं ऐकून ते खूष झाले. 'काजळ' आणि 'लोखंड्या' अर्जात घालणार आहोत.

एक गोष्ट अडली आहे. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलं की दगड तुम्ही हातोडीनं फोडला. आता लिहिलंत की हातोडी बायाच धरायच्या. दगडाकडे पुन्हा पाहिलं, तर त्यावर चारी अंगांनी बारीक ठोके आहेत, सरावाच्या हाताचे. एकही ठोका सुयांच्या भेगेवर पडलेला नाही. ज्यानं फोडला त्याला ती भेग दिसली होती आणि त्यानं ती जपली.

कदाचित एखाद्या बाईनं फोडून तुमच्याकडं दिला असेल आणि इतक्या वर्षांत विसरायला झालं असेल. तसं असेल तर बिघडत नाही. नाव तुमचंच राहील, पण दगड वेगळा काढणारी म्हणून तिचा उल्लेख यायला हवा. आठवत असेल तर तिचं नाव कळवा, आणि ती असेल तर कुठं असते तेही.

तुमची
हर्षाली


तामसी, १५ मार्च २०२४

हर्षाली बाई,

चार दिवस कागद घेऊन बसलो अन् ठेवून देल्ला. आज लिवतो.

माह्यं नाव काढून टाक. दस्तखतीचा कागद रद्द समज.

दगड माह्या हाताचा नाही. गयाबाईनं फोडला. नागोरावची बायको. पंचवीस-सव्वीसची असन. टोळीत तिच्यासारखी निवडणारी कोनी नव्हती. त्या दिवशी सकाळी थे दगड घेऊन माह्याकडं आली. म्हणे, "मेट, हा आपला नाही. हाताले हलका लागते अन् आत लाल हाय. साहेबाले इचारा हा कोनता." म्या पंचाच्या टोकाले बांधून ठेवला.

दुपारी पुन्हा आली. म्हणे, "भिंत फाटली हाय, मेट. वरून खडे सुटून राह्यले." तवा दोन ट्रक उभे होते अन् ठेकेदाराचा माणूस घाई करून राह्यला होता. भिंतीबुडी माल पडला होता, थो उचलाचा होता. म्या म्हटलं, "दोन टोपले भर, मंग पाहू." थे टोपलं घेऊन गेली. दुसऱ्या टोपल्याले भिंत खाली आली.

काढाले दोन घंटे लागले.

पंचनाम्याले अंमलदार आला. ठेकेदारानं मले बाजूले घेतलं. म्हणे, मेट तू, जबाबदारी तुही, जेलात तू जाशील. मंग बयान लिवलं गेलं. बाईले मना केलं होतं, थे ऐकली नाही, उन्हाची सावलीले म्हणून भिंतीखाली जाऊन झोपली. म्या खाली दस्तखत केली. हाजरी बुकात तिचं नावच नव्हतं. बायांले नवऱ्याच्या नावावर धरत. 'नागोराव, जोडी' असं लिवत. ठेकेदारानं सांगतलं, ही आमची मजूरच नाही. नागोराव पाच-सहा वर्षांची पोरगी घेऊन मुधोळले गेला, सासरवाडीले. पुढं थोही वारला.

त्या दिवशी घरी पंचा सोडला तं दगड निघाला. फेकवला नाही. घरात ठेववला नाही. सुरेंद्रले देल्ला.

मी त्यावेळेस मान वर करून पाह्यलं असतं तं भिंत दिसली असती. नाही पाह्यलं. कामाच्या घाईत होतो. एवढंच माह्यं चुकलं, अन् मंग दस्तखत.

मोठीआईले हे मालूम नाही. अडतीस वर्षं झाले.

बाबाराव


कोलकाता, २३ मार्च २०२४

मोठेबाबा,

तुमचं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस कामावर गेले नाही. तुम्हाला बरं वाटेल असं काही लिहावं म्हणून बसले, ते लिहिता आलं नाही. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलेलं आठवतं. ते खरं आहे आणि हेही खरं आहे. दोन्ही एका जागी कसं ठेवायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तुमचं नाव काढलं आहे. अर्जही थांबवला आहे. सहकारी नाराज आहेत. तोवर दुसऱ्यांनी पाठवला तर हे खनिज त्यांच्या नावानं जाईल, आणि तसं झालं तर होऊ दे.

त्या बाईचं नाव देता येईल. ती गेलेली आहे, त्यामुळे संमतीच्या कागदावर अडणार नाही. पण तिची मुलगी असेल तर तिला विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. आणि विचारायचं म्हणजे आधी तिला सांगावं लागेल, तिची आई कशी गेली ते. ते मी पत्रानं सांगणार नाही. ते तुम्हाला जाऊन सांगावं लागेल.

मी तुम्हाला हुकूम करत नाही. पण अर्ज त्याशिवाय जाणार नाही.

हर्षाली


तामसी, १८ एप्रिल २०२४

हर्षाली बाई,

आधी तुह्या मोठीआईले सांगतलं. थे उठून आत गेली. दोन दिवस जेवण तेवढं वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणे, जा.

वडधरीत नागोरावचा भाऊ हाय, त्याच्याकडून पत्ता घेतला. आदिलाबादहून निर्मल, तिथून भैंसा, मंग मुधोळ. पोरीचं नाव रुपा. पोरगी म्हणतो, आता चव्वेचाळीसची बाई हाय. बाजारात भाजी विकते. म्या समोर जाऊन उभा राह्यलो, नाव सांगतलं, गाव सांगतलं. तिनं काहीतरी इचारलं, मले ऐकू नाही आलं. म्या कान दाखवला. बाजारात अशी गोष्ट ओरडून कशी बोलाची? तिनं वहीचा कागद फाडला अन् लिवलं, "काय काम हाय?" पाचवी-सहावी शिकलेली हाय, अक्षर चांगलं हाय.

म्या सांगतलं. उभ्या उभ्याच सांगतलं. माह्या आवाजाचा मले अंदाज येत नाही, बाजूचे लोक पाहू लागले, त्यावरून कळलं की जोरात बोलून राह्यलो. तरी थांबलो नाही. मधात एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याले वांगे मोजून देल्ले, अन् हातानं मले इशारा केला, पुढं बोला.

मंग तिनं लिवलं थो कागद माह्याजवळ हाय, तसाच उतरून देतो:

"बाप मरेपर्यंत म्हणे तुही माय येडी होती, भिंतीखाली झोपली. सासरचेही म्हणत झोपाळू बाईची पोरगी. मी लहानपणापासून दुपारी डोळा लावला नाही. तापातही नाही. तिनं तुमाले सांगतलं होतं?"

म्या म्हटलं, सांगतलं होतं. भिंत फाटली हाय म्हणे.

तिनं पुन्हा लिवलं, "तिचं बोलणं कागदावर लिवा. दस्तखत करा. अन् वडधरीत जाऊन सगळ्याइपुढं वाचा. मी येते. अन् जागा दाखवा मले."

दगडाचं अन् नावाचं सांगतलं तं तिनं कागद उलटा ठेवून देल्ला. तुहा पत्ता तेवढा घेतला.

पुढच्या महिन्यात जाचं ठरलं हाय.

बाबाराव


मुधोळ, २० मे २०२४

हर्षाली मॅडम,

मी रुपा. मले पत्र लिवाची सवय नाही, चुकलं तं समजून घ्या.

आमी १४ तारखेले वडधरीले गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. तुमच्या मोठेबाबानं कागद वाचला. पूर्ण वाचला. रेणुकाबाई म्हणून म्हातारी हाय, माह्या मायच्या लाइनीत बसे. थे म्हणाली, "आमाले तवाच मालूम होतं. पण आमाले कोनी इचारलंच नाही." एकानं म्हटलं, आता कायले काढता जुनं. रेणुकाबाईनं त्याले बसवलं.

मंग मी अन् तुमचे मोठेबाबा दोघंच खाणीवर गेलो. खाली पाणी हाय, म्हशी बसल्या होत्या. उत्तरेची भिंत अर्धी पडलेली, अर्धी उभी हाय. त्याईनं बोटानं दाखवलं, इथं पडली होती. मी इचारलं, तुमी कुठं उभे होते? डाव्या कानाशी जोरात बोललं तं थोडं ऐकू येते त्याईले. थे एका खडकापाशी जाऊन उभे राह्यले. म्हणे, इथं.

मी त्याईले बाजूले केलं अन् तिथं उभी राह्यली. समोर सगळी भिंत, खालपासून वरपर्यंत. मधात झाड नाही, काही नाही. मान वर करा लागत नाही. मी म्हटलं, "इथून तं दिसते."

थे म्हणाले, "दिसत होती. गयानं सांगाच्या अगोदर, सकाळपासून दिसत होती मले."

तुमाले त्याईनं हे लिवलं का नाही मले मालूम नाही. लिवलं नसन म्हणून मी लिवते. मी तिथंच त्याईले कागद काढाले लावला अन् थे वाक्य खाली लिवाले लावलं. त्याईनं लिवलं, दस्तखत केली. मले लय राग आला होता. मारावं वाटलं. सत्तर वर्षांचं माणूस, पाण्याच्या काठाले उभं. मी मागं फिरली अन् रस्त्याले लागली. थे मागून येत राह्यले.

तामसीपर्यंत बसमंधी मी वेगळी बसली. उतरायच्या वेळेस त्याईच्या कानाशी जाऊन सांगतलं, गया माह्या मायचं नाव नाही. घरी तिले सगळे जयवंता म्हणत. माही आजी म्हणे, जयवंता जन्मली तवा ज्वारी चांगली आली होती. मी इचारलं, गया कोनं ठेवलं? थे म्हणाले, टोळीत एक जयवंता अगोदरच होती, हाक मारली का दोघी पाहत, म्हणून म्याच ठेवलं. थे म्हणाले, मी विसरूनच गेलो होतो तिचं नाव दुसरं हाय म्हणून. मंग कागदावर जिथं जिथं गया होतं तिथं खोडून जयवंता लिवलं, बसस्टँडवर बसून.

तर मॅडम, दगडाले नाव देता तं जयवंता द्या. तेवढंच. बापाचं नको, नवऱ्याचं नको. अन् तिनं फक्त दगड वेगळा काढला असं लिवू नका. भिंत फाटली हाय, हेही तिनं पाह्यलं होतं अन् सांगतलं होतं. दोन्ही लिवत असान तं माही हरकत नाही. एकच लिवाचं असन तं नाव देऊ नका.

रुपा


कोलकाता, ३ मार्च २०२५

रुपाताई,

मागच्या जूनमध्ये तुमचं पत्र हाती आल्यावर चारच दिवसांनी अर्ज पाठवला. तोवर दुसरं कुणी पुढं गेलं नव्हतं. सप्टेंबरात समितीनं मत दिलं. खनिज नवं आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. नावावर एकानं विचारलं, ही बाई शास्त्राशी कशी संबंधित? मी लिहिलं, शेकडो दगडांतून हा एक तिनं वजनावरून आणि रंगावरून ओळखला, भेगेवर ठोका न घालता फोडला आणि हा कोणता म्हणून विचारलं. मी दोन वर्षं यंत्रांवर केलं ते याच्या पुढचं. नाव मंजूर झालं. तेव्हाच तुम्हाला कळवणार होते, पण तुमची अट पुरी झाल्याशिवाय कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

अट लेखाची होती. नव्या खनिजाचा सविस्तर लेख छापावा लागतो आणि नाव कशावरून दिलं ते त्यात दोन-तीन ओळींत सांगावं लागतं. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या, दगडाची आणि भिंतीची. सोबतच्या दोघांना दुसरी नको होती. त्यांचं म्हणणं, खनिजाच्या लेखात भिंतीचं काय काम. लेख तपासणाऱ्यांनीही ती काढा म्हणून खूण केली. तीन वेळा लेख परत आला. शेवटी मोठेबाबांचा तुम्ही पाठवलेला कागद मी, खोडलेल्या नावांसकट, भाषांतर करून सोबत जोडला आणि लिहिलं की भिंतीची गोष्ट जाणार असेल तर नावही मागे घेते.

लेख काल छापून आला. ते पान सोबत पाठवते आहे. त्या ओळी इंग्रजीत आहेत, म्हणून खाली मराठीत देते:

"जयवंताइट हे नाव जयवंता यांच्यावरून दिले आहे. वडधरी येथील खाणीत माल निवडण्याचे काम करताना एप्रिल १९८६ मध्ये त्यांनी हा नमुना वेगळा काढला. त्याच दिवशी खाणीची भिंत फाटल्याचे त्यांनी मेटला सांगितले होते. तरीही त्यांना भिंतीखाली कामाला पाठवण्यात आले व भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला."

दगडाचा मोठा तुकडा इथल्या संग्रहालयात ठेवला आहे. तुम्हाला बघायचा असेल तेव्हा या, मी स्टेशनवर येईन. हातात घेता येईल असं मी बोलून ठेवलं आहे.

आणखी एक. सकाळपासून भिंत दिसत होती, हे मोठेबाबांनी मला लिहिलं नव्हतं. नंतरही लिहिलं नाही. गेल्या दिवाळीत मी तामसीला गेले तेव्हा आम्ही दोघं अंगणात बसलो होतो, त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मोठीआई म्हणाली, आता ते दुकानावर जात नाहीत, लोक विचारतात म्हणून. नाव मंजूर झालं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

हा लेख छापल्याचं मी अजून त्यांना कळवलेलं नाही. पहिलं पत्र तुम्हाला. त्यांना सांगायचं की नाही, आणि कुणी सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

तुमची
हर्षाली